नागरी वाढ आणि भूमिवापर : कोकण किनारपट्टी

शहर किंवा बाजारगाव वाढताना कोणत्या जमिनीवर बांधकाम होऊ द्यायचे, कोणती जमीन शेती, पाणी आणि जंगलासाठी राखायची, हे घरे उभी राहण्याआधी ठरवणे म्हणजे नागरी वाढीचे नियमन. विकसनशील देशांत यातले ‘आधी’ हेच साधत नाही. रस्ता येतो, जमिनी विकल्या जातात, घरे होतात आणि विकास आराखडा सर्वांत शेवटी येतो. कोकणात १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागलेली कोकण रेल्वे आणि मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण यांमुळे स्टेशनांजवळची आणि नाक्यांवरची गावे याच क्रमाने वाढली.

कोकणची जमीन उतारावर चार पायऱ्यांत वाचता येते. वर जांभ्या दगडाचा सडा म्हणजे सपाट कातळमाळ, त्याखाली झाडीचा उतार, पायथ्याला वाड्या व बागायत, आणि तळाला भातखाचरे, त्यापुढे खाडीलगतची खाजणे, म्हणजे भरतीचे खारे पाणी पोचू शकते अशी सखल जमीन. पाऊस वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर किंवा त्याहून जास्त, आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. त्यामुळे वरच्या पायरीवर केलेल्या बदलाचा परिणाम त्याच पावसाळ्यात खालच्या पायरीवर दिसतो. येथील नियोजनाचे एकक सर्व्हे नंबर नसून पऱ्या, म्हणजे डोंगरातून वाहत येणारा ओढा, असायला हवा: सड्यावर उगम पावून खाडीला मिळेपर्यंतचा.

सर्वाधिक नुकसान भरावाने होते, आणि नियमांत सर्वांत कमी लक्ष भरावाकडेच असते. ३० सेंटिमीटर उंच बांधांचे एक हेक्टर खाचर सुमारे ३,००० घनमीटर पाणी धरू शकते. रस्त्याकडेचे खाचर विकत घेणारा ते रस्त्याच्या पातळीपर्यंत भरतो. एक गुंठा जागा एक मीटर उचलायला सुमारे ३६ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती लागते, दबाई धरली तर जास्त. ही माती जवळचा डोंगर कापून आणतात. म्हणजे एकाच व्यवहारात उताराचा पायथा सुटतो आणि पाण्याची जागाही जाते. शेजाऱ्याच्या खाचरात पाणी तुंबले की पुढच्या वर्षी तोही भराव घालतो. बांधकाम परवानगीच्या नकाशावर जोत्याची उंची दिसते, पण मूळ जमिनीची पातळी बहुधा नोंदलेली नसते. ती बंधनकारक केली, आणि पऱ्याच्या पात्रात एका पाइपाऐवजी पूर्ण रुंदीची मोरी (छोटा पूल) मागितली, तर फार मोठा खर्च न करता बरेच साधते.

चिपळूण आणि महाड येथे याची किंमत पुन्हा पुन्हा मोजावी लागली आहे. जुलै २००५ नंतर २२ जुलै २०२१ रोजी दोन्ही शहरे पाण्याखाली गेली. चिपळूणला वाशिष्ठी आणि शिव या नद्यांचे पाणी येते, कोयना प्रकल्पातून वीजनिर्मितीनंतर सोडलेले पाणीही वाशिष्ठीतच उतरते, आणि खाडीकडून, गोवळकोटच्या बाजूने, भरती चढते. अतिवृष्टी आणि भरती एकाच वेळी आली की नदीला पुढे वाट राहत नाही. त्याच २२ जुलैला महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून ८० हून अधिक माणसे गेली.

जलसंपदा विभाग नदीकाठी दोन पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. निळ्या रेषेच्या आत बांधकाम निषिद्ध, दोन्हींच्या मध्ये अटींवर. रेषा जुन्या बाजारपेठेतून गेली की व्यापारी विरोध करतात, आणि त्यांची अडचण खरी असते. तिथली वस्ती रेषेहून जुनी असते. म्हणून रेषेबरोबरच तळमजला मोकळा सोडण्याची, वरचा मजला वाढवू देण्याची आणि उंचावर पर्यायी जागा देण्याची सोय हवी. नुसत्या बंदीने दुरुस्तीच्या नावाखाली बांधकाम चालूच राहते.

किनाऱ्यासाठी सागरी किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना १९९१ मध्ये प्रथम निघाली, नंतर २०११ व २०१९ मध्ये नवी आली. समुद्रकिनारी भरतीरेषेपासून जमिनीच्या बाजूला ५०० मीटरपर्यंतचा पट्टा तिच्या कक्षेत येतो. २०१९ च्या नियमांत, २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात विकासबंदीचा पट्टा ५० मीटर, तर विरळ ग्रामीण भागात २०० मीटर आहे. खाडीकाठी नियमनाचा पट्टा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यांपैकी कमी असेल तो. कांदळवने सर्वांत कडक वर्गात मोडतात.

खाजणांचा प्रश्न मात्र निव्वळ बंदीने सुटत नाही. पेण, अलिबागकडील खारबंदिस्ती, म्हणजे खारे पाणी अडवणारे बांध घालून केलेली शेती, गावकीच्या श्रमांवर टिकली होती. ओहोटीला उघाडीतून (बांधातल्या दारातून) आतले पाणी बाहेर सोडायचे, भरतीला दार मिटायचे, दरवर्षी बांधाला माती चढवायची. शेती परवडेनाशी झाली की ही डागडुजी थांबते, बांधाला खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उगवते. मग मालकाला ना पेरता येते, ना बांधता. अशा वेळी चोरून भराव टाकणाऱ्याला गिऱ्हाईक तयारच असते. खारभूमी विकासाचा स्वतंत्र कायदा १९७९ चा आहे. बांधदुरुस्तीवर वेळेवर केलेला खर्च हाच येथे भूमिवापराचे सर्वांत परिणामकारक नियंत्रण ठरतो.

सड्याचे दुखणे नोंदीत आहे. सातबाऱ्यावर तो ‘पोटखराब’, म्हणजे लागवडीस अयोग्य, असा लिहिला जातो, म्हणून प्रकल्प, वसाहत, चिरेखाण यांसाठी पहिली नजर त्याच्यावर जाते. प्रत्यक्षात सच्छिद्र जांभ्यातून मुरलेले पाणीच पायथ्याच्या विहिरींना येते. सड्यावर सांडपाण्याचे शोषखड्डे घेतले तर तेही पाणी त्याच वाटांनी उतरते. विहीर आणि शोषखड्डा यांत १५ मीटर अंतराचा नेहमीचा ठोकताळा भेगाळ कातळात पुरत नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातील सड्यांवर कातळशिल्पेही आहेत.

कायद्याचा पाया १९६६ चा महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. आराखडा करण्याचा इरादा जाहीर करणे, विद्यमान भूमिवापराचा नकाशा, प्रारूप आराखडा, हरकती व सूचना, मग शासनाची मंजुरी, असा क्रम. विद्यमान भूमिवापराची पाहणी कोकणात आषाढ-श्रावणात करावी. एप्रिलमध्ये फिरलेल्या भूमापकाला कोरडा पऱ्या पायवाट वाटतो. उद्यान, शाळा यांचे आरक्षण दहा वर्षांत संपादित झाले नाही तर मालक खरेदी सूचना (जमीन विकत घ्या, अशी नोटीस) देऊ शकतो, आणि त्यानंतर २४ महिन्यांत पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. लहान नगरपंचायतींनी म्हणून पैसा जमेल तेवढीच आरक्षणे टाकलेली बरी.

संपादनाला पर्याय नगररचना योजनेचा. सर्वांच्या जमिनी एकत्र करून रस्ते व सुविधा काढायच्या आणि प्रत्येकाला लहान पण आखीव अंतिम भूखंड परत द्यायचा. पनवेलकडील नैना (नवी मुंबई विमानतळ प्रभाव अधिसूचित) क्षेत्रात मूळ क्षेत्राच्या ४० टक्के जमीन परत देण्याचे सूत्र आहे. दक्षिण कोकणात ही योजना सामायिक सातबाऱ्यावर अडते. एका हिश्शावर तीसचाळीस नावे, निम्मे वारस मुंबईत, वारसनोंदी अपुऱ्या. तेव्हा योजना जाहीर करण्याआधी वर्षभर फेरफार आणि वाटपाची शिबिरे घ्यावी लागतात. ती टाळली की योजनेसाठी नेमलेल्या लवादापुढची सुनावणी लांबत जाते. २०१७ पासून गावठाणाभोवतीची २०० मीटरपर्यंतची जमीन आकार (शुल्क) भरून अकृषिक मानण्याची तरतूद आली. वस्ती वाड्यावाड्यांत विखुरलेल्या गावांत हे वर्तुळ खाचरांवरूनही जाते, तेथे पाणवाटा आधीच वगळायला हव्यात.

आकडे काढताना आणखी एक चूक नेहमी होते. जनगणनेची लोकसंख्या धरून पाणी आणि कचऱ्याची सोय आखतात. चाकरमान्यांची बंद घरे मे महिन्यात आणि गणपतीत उघडतात. पाण्याची क्षमता मे महिन्याच्या गर्दीवर ठरवावी, कारण विहिरींनी तळ गाठलेला असतो तोही तेव्हाच, आणि नव्या वसाहतीला परवानगी देण्यापूर्वी तिच्या विहिरीचे मे अखेरचे मोजमाप मागावे.