आरंभिक भ्रूणातील चयापचय आणि अधिजनुकीय नियंत्रण

फलनानंतरच्या पहिल्या काही दिवसांत भ्रूणपेशींचा चयापचय आणि जनुकांचे कार्य ठरवणाऱ्या अधिजनुकीय, म्हणजेच एपिजेनेटिक, खुणा यांच्यात घडणारी आंतरक्रिया. या खुणा डीएनएचा क्रम बदलत नाहीत. डीएनएला किंवा त्याभोवतीच्या हिस्टोन प्रथिनांना जोडलेल्या रासायनिक गटांमुळे कोणते जनुक कार्यरत राहील, हे मात्र बऱ्याच अंशी ठरते.

चयापचय केवळ ऊर्जा पुरवतो, ही समजूत येथे अपुरी पडते, कारण खुणांसाठी लागणारा कच्चा मालही त्यातूनच येतो. खूण म्हणून जोडला जाणारा मिथिल गट एस-अ‍ॅडेनोसिल मिथिओनिन या रेणूकडून मिळतो, आणि त्यासाठी लागणारे मिथिओनिन पेशीत पुन्हा तयार होताना फोलेट व ब-१२ जीवनसत्त्व या दोहोंची गरज असते. हिस्टोनांवरील अ‍ॅसिटिल गट अ‍ॅसिटिल को-ए या चयापचयातील रेणूकडून येतो. डीएनएवरील मिथिल खुणा पुसण्यास आरंभ करणाऱ्या टेट विकरांना (एन्झाइमांना) अल्फा-कीटोग्लुटारेट हा चयापचयातील रेणू आणि लोह लागते.

आरंभिक भ्रूणात हा संबंध विशेष नाजूक असतो. अंडपेशी व शुक्रपेशी यांच्याकडून आलेल्या बहुतेक मिथिल खुणा या काळात पुसल्या जातात, जनकमुद्रित जनुकांवरील, म्हणजे आईकडून आले की वडिलांकडून यावर ज्यांचे कार्य ठरते अशा जनुकांवरील, खुणा टिकून राहतात, आणि गर्भाशयात रुजण्याच्या सुमारास नव्या खुणा उमटू लागतात. याच काळात भ्रूणाचे इंधनही बदलते: सुरुवातीस तो मुख्यतः पायरुव्हेट या लहान रेणूवर अवलंबून असतो, तर ग्लुकोजचा वापर कोरकपुटी (ब्लास्टोसिस्ट, म्हणजे रुजण्यापूर्वीचा पोकळ पेशीगोल) तयार होण्याच्या सुमारास वाढतो. उंदराच्या भ्रूणाची स्वतःची जनुके दोन पेशींच्या अवस्थेत प्रामुख्याने जागी होतात, मानवात चार ते आठ पेशींच्या. उंदरात या टप्प्यावर एरवी तंतुकणिकांत (मायटोकॉन्ड्रियांत) असणारी, ऊर्जानिर्मितीच्या सायट्रिक आम्ल चक्राची काही विकरे तात्पुरती केंद्रकात आढळतात, असे २०१७ मध्ये दाखवण्यात आले. पायरुव्हेट नसल्यास भ्रूणाची वाढ येथेच खुंटते. एखादा रेणू पेशीत किती आहे याइतकेच तो कोठे आणि केव्हा उपलब्ध आहे, याला महत्त्व आहे, ते यामुळेच.

मानवी पुराव्यांत पुण्याचा उल्लेख वारंवार येतो. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली पुण्याजवळील सहा गावांत १९९३ पासून माता-पोषणाचा दीर्घकालीन अभ्यास चालवला. गरोदरपणी ब-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-रोध (इन्सुलिनला शरीराचा कमी प्रतिसाद) सर्वाधिक दिसला, असा निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. मिथिल गटांच्या पुरवठ्याशी तो जुळतो खरा, पण तेवढ्यावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. शिवाय मातांच्या रक्तातील ही मोजमापे १८व्या आणि २८व्या आठवड्यांतील होती, म्हणजे खुणा पुसण्या-उमटण्याचा वर वर्णिलेला टप्पा तोवर केव्हाच उलटून गेला होता. पुढे याच गटातील मुलामुलींना किशोरवयातच, गर्भधारणेच्या कितीतरी आधी, ब-१२ देऊन पुढील पिढीवरील परिणाम तपासणारी चाचणी हाती घेण्यात आली.