स्टॉक कार शर्यतींची प्रायोजकता व नामकरण

अमेरिकेतील स्टॉक कार (बाह्यतः सामान्य विक्रीच्या मोटारींसारख्या दिसणाऱ्या गाड्या) शर्यती भरविणाऱ्या नॅसकार (स्थापना १९४८) या संस्थेच्या शर्यतमालांना, त्यांतील एकेका शर्यतीला आणि क्वचित ट्रॅकलाही मोबदला घेऊन व्यापारी नाव देण्याची पद्धती.

या पद्धतीच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. चालक व संघमालक ज्युनिअर जॉन्सन स्वतःच्या गाडीसाठी पैसे मागण्यास आर. जे. रेनॉल्ड्स या तंबाखू कंपनीकडे गेले आणि तिच्याकडे त्याहून बरीच मोठी रक्कम खर्चासाठी मोकळी असल्याचे दिसताच त्यांनी तिला नॅसकारकडे वळविले, असे एक मत आहे. दुसऱ्या मतानुसार १९७० चा कायदा हेच खरे कारण होय. त्यान्वये जानेवारी १९७१ पासून दूरचित्रवाणी व आकाशवाणीवरील सिगारेटच्या जाहिराती बंद झाल्या व तो पैसा अन्यत्र वळणे अपरिहार्य होते. जॉन्सन यांनी दिशा दाखविली, पैसा कायद्याने मोकळा केला, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. मुख्य मालेला १९७१ मध्ये रेनॉल्ड्सच्या विन्स्टन या सिगारेटवरून ‘विन्स्टन कप’ हे नाव जोडले गेले. १९७२ मध्ये लहान पल्ल्याच्या शर्यती वगळून शर्यतींची संख्या ४८ वरून ३१ वर आणली गेली. नावापेक्षा हा बदल दूरगामी ठरला. २००४ पासून नेक्स्टेल व २००८ पासून स्प्रिंट (दोन्ही दूरसंचार कंपन्या) आणि २०१७ ते २०१९ मॉन्स्टर एनर्जी (एक पेय) ही नावे आली. २०२० पासून मालेच्या नावात प्रायोजक नाही; त्याऐवजी अनेक भागीदार कंपन्या आहेत.

एकेका शर्यतीच्या नावात सहसा प्रायोजक व एक आकडा असतो. हा आकडा नेहमी मैलांचाच असतो असे नाही : डेटोना ५०० ही ५०० मैलांची, तर मार्टिन्सव्हिल येथील ‘५००’ म्हणजे ०.५२६ मैलाच्या ट्रॅकच्या ५०० फेऱ्या, म्हणजे अवघे २६३ मैल. फीनिक्स येथे तोच आकडा किलोमीटरचा असे. शार्लट येथील १९६० पासूनची ‘वर्ल्ड ६००’ ही शर्यत १९८० च्या दशकाच्या मध्यास ‘कोका-कोला ६००’ झाली व हे नाव आता रूढ आहे. रिचमंड येथील एका शर्यतीला तर मद्याच्या एका ब्रँडने स्पर्धा घेऊन विजेत्या सामान्य नागरिकाचे नाव दिले. डार्लिंग्टनच्या ‘सदर्न ५००’ (१९५०) या नावापुढे मात्र प्रायोजक बदलत गेले, तरी मूळ नाव बहुधा कायम राहिले.