वसंत, यकृत आणि ‘डिटॉक्स’चा गैरसमज

चिनी वैद्यकानुसार वसंत हा यकृताचा आणि आत्मविकासाचा काळ असल्यामुळे या दिवसांत उपवास व लिंबूपाणी यांच्या आधारे ‘लिव्हर डिटॉक्स’ म्हणजे यकृताची सफाई करावी, असा सल्ला गेली अनेक वर्षे फिरत आहे. यातील वसंत आणि यकृत यांचा संबंध तेवढा चिनी वैद्यकात खरोखर सांगितलेला आहे.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी संकलित झालेल्या ‘ह्वांगदी नेइजिंग’ या चिनी वैद्यकाच्या मूळ ग्रंथाच्या ‘सुवेन’ भागातील दुसऱ्या अध्यायात वसंताची दिनचर्या दिली आहे: रात्री उशिरा निजावे, पहाटे लवकर उठावे, अंगणात मोकळेपणाने फिरावे, केस सोडावेत, मनातील संकल्पांना अंकुरू द्यावे, जीव जगवावा, मारू नये, द्यावे, हिरावून घेऊ नये, गौरव करावा, शिक्षा करू नये. शरीरातून काही काढून टाकण्याचा येथे उल्लेख नाही आणि स्वतःला घडवण्याचा हट्टही नाही. उलट सारा भर सैल सोडण्यावर आहे.

लिंबूपाण्याचे तर याहून विपरीत आहे. सातव्या शतकातील चिनी वैद्य सुन स्सुमियाओ यांनी वसंतात आंबट कमी करून गोड वाढवावे, म्हणजे प्लीहेचे (पाणथरीचे) पोषण होते, असे सांगितले आहे (याचा अर्थ साखर खावी असा मात्र कोणी घेऊ नये). वसंतात वमनासारखे (ओकारी काढण्यासारखे) शोधन, म्हणजे शरीरशुद्धी, सुचवतो तो आपला आयुर्वेद, आणि तेही यकृतासाठी नव्हे, तर कफासाठी.

शिवाय चिनी पंचांगातील वसंत ४ फेब्रुवारीच्या आसपास सुरू होतो. मार्चअखेरीस जाहिरात होणारे ‘स्प्रिंग डिटॉक्स’ त्या हिशेबाने अर्धा ऋतू सरल्यावर येते.