वर भाजलं, खाली उकडलं

मिनेसोटातल्या पहिल्या हिवाळ्यात मी केलेली हॉटडिश घरच्यांनी कशीबशी संपवली. खिमा करडा, ट्रेच्या तळाशी पाणी, आणि वरचे बटाटे मात्र झकास कुरकुरीत. कृती शेजारच्या आजींनी तोंडीच सांगितली होती: अर्धा किलो बीफचा खिमा, एक कांदा, मश्रूम सूपचा एक डबा, वर टेटर टॉटची, म्हणजे बटाट्याच्या चुऱ्याच्या छोट्या तळलेल्या गोळ्यांची, फरसबंदी, आणि ओव्हनमध्ये पाऊण तास. सहाला कामावरून यायचं आणि सव्वासातला पोरांना वाढायचं, अशा घरांचा हा पदार्थ. बाकीची अमेरिका त्याला कॅसरोल म्हणते. आपल्याकडे कॅसरोल म्हणजे पोळ्यांचा डबा, त्यामुळे मला हॉटडिश हेच नाव बरं वाटतं.

चूक माझीच होती. ओव्हन २०० अंश सेल्सिअसवर आहे, खिमा आतच भाजेल, म्हणून मी तो कढईत जेमतेम परतला होता. पण सुपात बुडालेला खिमा ओव्हन कितीही तापवला तरी १०० अंशांच्या पुढे जात नाही. पाणी आहे तोवर येणारी उष्णता त्याची वाफ करण्यात खर्च होते. भाजल्याचा खमंग वास ज्या रासायनिक क्रियेतून येतो ती फ्रेंच शास्त्रज्ञ मायार यांनी १९१२ मध्ये मांडली. त्यात अमिनो आम्लं आणि शर्करा एकमेकांना भिडतात, पण स्वयंपाकघराच्या वेळापत्रकात बसेल अशा वेगाने ते घडायला साधारण १४० अंश लागतात. म्हणजे ट्रेच्या तळाशी मांस उकडतं, भाजत नाही. जी काही चव आणायची ती ओव्हनचं दार उघडण्याआधी कढईत आणायची.

कढईतही शत्रू पाणीच. अर्ध्या किलो खिम्यातून शंभर ग्रॅम पाणी सहज सुटतं. ते २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३३ किलोज्यूल लागतात, पण त्याची वाफ करायला तब्बल २२६. जवळजवळ सातपट! शेगडीतून कढईला एक किलोवॅट उष्णता मिळत असेल, तर निव्वळ हे पाणी उडवण्यात पावणेचार मिनिटं जातात, आणि तेवढा वेळ खिमा स्वतःच्याच रसात शिजत राहतो. म्हणून पसरट, जाड बुडाचं भांडं घ्यायचं, ते आधी कडक तापवायचं, खिमा चपटा पसरायचा आणि सुरुवातीला उलथनं बाजूला ठेवायचं. आवाजाकडे लक्ष द्या. आधी चर्र होतं, मग पाणी सुटल्यावर रटरट, आणि पाणी आटलं की पुन्हा चर्र. त्या दुसऱ्या चर्रपर्यंत बहुतेकांचा धीर टिकत नाही. चिमूटभर खायचा सोडा आधी चोळून ठेवला तर मांस पाणी जास्त धरून ठेवतं आणि लवकर तांबूस होतं. जास्त पडला तर मात्र साबणासारखी चव लागते.

वरचे टॉट कुरकुरीत होतात, कारण ते सुपाच्या बाहेर असतात. त्यांचा पृष्ठभाग सुकतो आणि मग तापमान शंभरी ओलांडतं. १९५३ मध्ये ओरेगनमधल्या ओर-आयडा कंपनीच्या ग्रिग बंधूंनी फ्रेंच फ्राइज कापताना उरणाऱ्या बटाट्याच्या चुऱ्यातून ते काढले. त्याआधी तो चुरा गुरांना घालत. जे गुरांच्या पोटात जायचं, ते आता गुरांच्या मांसावर रचलं जातं!

मधला थर म्हणजे मश्रूमचं घट्ट सूप. कॅम्पबेल कंपनीने ते १९३४ मध्ये बाजारात आणलं आणि लुथरन या ख्रिस्ती पंथाच्या चर्चमधल्या पंगतींतून ते इतकं मुरलं की त्याला गमतीने ‘लुथरन बाइंडर’, म्हणजे सगळं बांधून ठेवणारं, म्हणतात. त्यातल्या पिठाचे कण गरम पाण्यात फुगतात आणि सगळं मिळून येतं. मात्र घट्ट पदार्थात खालचं गरम वर आणि वरचं गार खाली अशी घुसळण होत नाही, म्हणून तो निवतही नाही. आमटीने जीभ पोळत नाही तेवढी पिठल्याने पोळते, ती याचसाठी. दहा मिनिटं थांबा, तेवढ्यात रसही आळतो.

याच कारणाने ट्रे उथळ हवा. नुसत्या वहनाने उष्णता आत शिरते तेव्हा थराची जाडी दुप्पट केली की वेळ चौपट लागतो. कढईतलं सारण गरम असतानाच ओतलं तर ओव्हनला टॉट भाजण्यापलीकडे फारसं काम उरत नाही.

एक गोष्ट मात्र गंभीर आहे. अख्ख्या मांसाच्या तुकड्यावर जंतू असतात ते मुख्यतः पृष्ठभागावर. खिमा करताना तो पृष्ठभागच आत मिसळला जातो. म्हणून अमेरिकी कृषी खातं अख्ख्या तुकड्याला ६३ अंश आणि तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानतं, पण खिम्याला ७१ अंश सांगतं. १९९३ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागात अर्धवट शिजलेल्या हॅम्बर्गरमधल्या ई. कोलाय या जंतूने सातशेहून अधिक लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. रंगावर विसंबू नका. मायोग्लोबिन या रंगद्रव्याचं आधीच ऑक्सिडीकरण झालेलं असेल, तर खिमा ७१ च्या बऱ्याच आधी तपकिरी दिसतो. सुईचा थर्मामीटर घ्या. बोकडाच्या खिम्यालाही हेच लागू. महाराष्ट्रात २०१५ पासून गायीसोबत बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तिथे ही हॉटडिश बोकडाच्या नाहीतर म्हशीच्या खिम्याची होईल. भौतिकशास्त्र तेच राहतं.

उरलेली हॉटडिश दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घातली की टॉट गपगार पडतात, कारण रात्रभर खालचं पाणी त्यांच्यात मुरलेलं असतं. मी ते चमच्याने उचलून पोळीच्या तव्यावर पालथे घालते, आणि पुन्हा चर्रची वाट बघते.