दिव्यांग विद्यार्थ्यांचा शाळेतील छळ

शारीरिक, संवेदी, बौद्धिक किंवा अध्ययनविषयक अपंगत्व असलेल्या मुलामुलींना त्या कारणावरून शाळेत चिडवणे, घाबरवणे, मारणे, त्यांच्या वस्तू लपवणे किंवा त्यांना खेळ-गप्पांतून बाहेर ठेवणे. मराठीत या सगळ्याला मिळून एकच रुळलेला शब्द नाही. चिडवाचिडवी, टिंगलटवाळी, खोड्या, दादागिरी असे शब्द आहेत. त्यांतले बरेचसे इतके लाडिक आहेत की शिक्षकांच्या कानाला ते तक्रार वाटतच नाहीत. ‘बाई, हा मला चिडवतो’ हे वाक्य वर्गात दिवसातून दहादा ऐकू येते आणि दहाही वेळा त्याचे उत्तर ‘तू लक्ष देऊ नकोस’ हेच असते.

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेउस यांनी १९७०च्या दशकात शालेय छळाचा पद्धतशीर अभ्यास सुरू केला. मुद्दाम केलेला, पुन्हापुन्हा होणारा आणि बळाचे पारडे एकाच बाजूला झुकलेले असताना घडणारा त्रास म्हणजे छळ, ही त्यांनी केलेली फोड आजही वापरली जाते. दिव्यांग मुलाच्या बाबतीत तिसरी अट पहिल्या दिवसापासूनच पुरी झालेली असते. दुसरी मात्र फसवी आहे. वर्गातल्या चाळीस जणांनी एकेकदा नक्कल केली, तर प्रत्येक जण ‘मी एकदाच केलं’ असे खरेच सांगू शकतो. ज्याची नक्कल झाली त्याच्या हिशेबी ती चाळीस वेळा झालेली असते.

शब्द

लंगड्या, आंधळ्या, बहिऱ्या, चकण्या, तोतऱ्या, थोट्या, अर्धवट, मेंटल: यांतले बहुतेक शब्द मुले शाळेत शिकत नाहीत, घरून आणतात. भाषेचाही त्यात वाटा आहे. ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ या म्हणी व्याकरणाच्या तासाला अर्थासह पाठ करून घेतल्या जातात. त्या वेळी पायाला कॅलिपर (आधाराची पट्टी) लावलेली मुलगी वर्गात असली, तर सगळ्यांच्या माना कुठे वळतात हे फळ्याकडे तोंड करून उभ्या असलेल्या शिक्षकांना दिसत नाही. म्हणी काढून टाका असे कोणी म्हणत नाही. त्या शिकवताना वर्गाकडे तोंड असावे, एवढेच.

‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द २०१५च्या अखेरीस पंतप्रधानांच्या आकाशवाणीवरील भाषणानंतर सरकारी कागदांत आला. त्यातला ‘दिव्य’ अनेक अपंग कार्यकर्त्यांना खटकतो. मुलांनी तर या शब्दाचीही चिडवणी केलीच; ‘ए दिव्यांग!’ ही हाक आता मैदानावर ऐकू येते. शब्द बदलला तरी हाक मारण्याचा सूर तोच राहतो. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दृश्य माध्यमांतील अपंगांच्या चित्रणाविषयी निकाल देताना अपंगत्वाची समज वाढवणारा विनोद आणि अपंग माणसाला खाली पाडणारा विनोद यांत फरक केला. वर्गातल्या हशालाही हीच कसोटी लावता येईल.

कच्चा लिंबू

त्रासाचे रूप अपंगत्वानुसार बदलते. कमी ऐकू येणाऱ्या मुलाच्या श्रवणयंत्राजवळ तोंड नेऊन कोणी एकदम ओरडते. यंत्रातून तो आवाज मोठा होऊन कानात जातो आणि मूल कान धरून खाली बसते. किंवा आवाज न काढता नुसते ओठ हलवायचे, म्हणजे यंत्र बंद पडले असे समजून ते चाचपू लागते. अंध मुलाचा दप्तरातला डबा त्याच्या नेहमीच्या जागेवरून हलवून ठेवतात. तोतरे बोलणाऱ्याला प्रकट वाचनासाठी मुद्दाम पुढे ढकलतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलाला शिवी शिकवून ती बाईंसमोर म्हणायला लावणे हा फार जुना खेळ आहे, आणि शिक्षा ज्याने शिवी म्हटली त्यालाच होते. अपंग मुलींच्या बाबतीत चेष्टा लवकरच लैंगिक होते. स्वच्छतागृहात जाण्यासाठी दुसऱ्याची मदत लागत असेल, तर धोका आणखी वाढतो.

पण ज्याला कोणी छळ म्हणत नाही असा एक प्रकार सगळ्यांत जास्त चालतो. लंगडी, विषामृत, साखळी अशा खेळांत लहान भावंडाला ‘कच्चा लिंबू’ करून घेतात: तो खेळात असतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही, तो बाद होत नाही, त्याचा गुण धरत नाहीत. चार वर्षांच्या पोराला यात मजा वाटते. तेराव्या वर्षी, सहावी-सातवीत, पायात फरक आहे म्हणून कायमचा कच्चा लिंबू झालेल्या मुलाला ती वाटत नाही. त्याला कोणी मारलेले नसते, शिवी दिलेली नसते. तक्रार करायची तर कशाची? ‘मला बाद करत नाहीत’ याची?

आणि ही वागणूक मुले मोठ्यांकडूनच उचलतात. परिपाठाला सगळी शाळा रांगेत उभी असताना कुबड्या वापरणारा एकटा वर्गात बसून राहतो, कारण मैदानात उतरायला तीन पायऱ्या आहेत. पीटीच्या तासाला त्याला ‘तू दप्तरं सांभाळ’ सांगितले जाते. सहलीच्या यादीतून त्याचे नाव शिक्षक नव्हे, बऱ्याचदा पालकच काढतात. ‘उगाच तुम्हाला त्रास नको’ असे म्हणतात, आणि कोणी त्यांना आग्रह करत नाही. गॅदरिंगमध्ये नाच बसवताना तो पडद्यामागे असतो. यात दुष्टावा कुठेच नाही. तरी वर्षभर हे पाहणाऱ्या चाळीस मुलांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते, की हा आपल्यातला नाही. छळाला एवढी जमीन पुरते.

सवलतींवरून वेगळाच वाद पेटतो. अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली विशिष्ट अडचण) असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याची सुरुवात महाराष्ट्रात १९९०च्या दशकात झाली. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयासारख्या ठिकाणी तपासणी होऊन प्रमाणपत्र मिळते. त्यानंतर तासाला २० मिनिटे जादा वेळ, लेखनिक (सांगितलेली उत्तरे लिहून देणारा), काही वेळा गणकयंत्र मिळू शकते. हे अपंगत्व डोळ्यांना दिसत नाही, म्हणून वर्गमित्रांना तो बनाव वाटतो. ‘तुझं बरंय, तुला वेळ जास्त’ हे वाक्य दहावीच्या वर्गात प्रमाणपत्रधारक मुलाला निकालाच्या दिवसापर्यंत ऐकावे लागते. काही मुले तेवढ्यासाठी मंजूर झालेला लेखनिक नाकारतात.

छळाची नोंद क्वचितच होते. मुलाला सांगता येत नाही, सांगितले तर आईला वाईट वाटेल अशी भीती असते, आणि चिडवणारी मुलेच बहुधा त्याची एकमेव सोबत असतात. मुलाची शाळा कायमची सुटली की कारणाच्या रकान्यात ‘आजारपण’ लिहिले जाते. युनेस्को आणि टाटा समाजविज्ञान संस्था यांनी २०१९ मध्ये काढलेल्या अहवालानुसार भारतात पाच वर्षांच्या दिव्यांग मुलांपैकी तीनचतुर्थांश, तर ५ ते १९ वयोगटातील एकचतुर्थांश मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नव्हती.

विशेष शाळा की शेजारची शाळा

मुंबईत मूकबधिर मुलांसाठी १८८५ साली शाळा निघाली आणि १९०० साली अंध मुलांसाठी, जी पुढे दादरची अंध शाळा म्हणून ओळखली गेली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलांसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी स्थापन केली. सर्वसाधारण शाळेत अपंग मुलांना सामावून घेण्याची केंद्राची योजना १९७४ची. आजही अनेक पालक विशेष शाळा निवडतात, ते शिक्षणाच्या दर्जापेक्षा ‘तिथे कोणी हसणार नाही’ म्हणून. हा विश्वास पुरता खरा नाही. वसतिगृह असलेल्या शाळांत जरा कमी अपंग मूल जास्त अपंग मुलावर हुकूम गाजवते, हेही घडते. शिवाय शेजारच्या शाळेतली चाळीस मुले अपंग मित्र न भेटताच मोठी होतात ती वेगळीच.

कायदा

शिक्षण हक्क कायद्याने (२००९) कलम १७ नुसार शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही बंदी केली. मात्र व्यवहारात ते कलम शिक्षकांच्या वर्तनापुरते पाहिले जाते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्याने मान्य अपंगत्वांची संख्या ७ वरून २१ केली. त्यातले कलम १६ शाळांसाठी महत्त्वाचे आहे. भेदभाव न करता प्रवेश द्या, असे सांगतानाच ते शिक्षणासोबत खेळ आणि करमणुकीची समान संधी द्या, असेही म्हणते. म्हणजे ‘दप्तरं सांभाळ’ ही सूचना थेट कायद्याच्या विरोधात जाते. वाजवी सोयी नाकारणे हाही याच कायद्याच्या व्याख्येनुसार भेदभाव आहे. कलम ९२ लोकांसमोर दिव्यांग व्यक्तीचा हेतुपुरस्सर अपमान करण्यास ६ महिने ते ५ वर्षे कैद आणि दंड सांगते. करणारा अल्पवयीन असेल तर प्रकरण बाल न्याय कायद्याखाली जाते. महाराष्ट्राचा १९९९चा रॅगिंगविरोधी कायदा महाविद्यालयांचा समजला जातो, पण त्याची व्याख्या शिक्षण देणाऱ्या कोणत्याही संस्थेला आणि वसतिगृहालाही कवेत घेते. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद आणि १०,००० रुपयांपर्यंत दंड.

शाळेतले उपाय

३ डिसेंबरच्या जागतिक दिव्यांग दिनी मुलांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्यांना चालायला लावण्याचा कार्यक्रम लोकप्रिय आहे. त्याचा उपयोग शंकास्पद वाटतो. पाच मिनिटे पट्टी बांधलेले मूल ठेचकाळते, घाबरते आणि ‘बिचारे’ म्हणत परतते. पांढऱ्या काठीने सराईतपणे चालणारे मूल काय करू शकते हे त्याला कळत नाही. त्याऐवजी खेळाचा नियम बदलणे स्वस्त आणि परिणामकारक असते. शिट्टीऐवजी रुमाल हलवला की ऐकू न येणारा गडी बरोबरीने खेळतो. चेंडूत घुंगरू घातले की अंध मूलही खेळात येते. दोन्ही वेळा ते बाद होऊ शकते, हे महत्त्वाचे.

मदतनीस मित्र नेमताना एकाच गुणी मुलीच्या गळ्यात वर्षभराचे काम घालू नये, पाळी फिरती ठेवावी. चाकाची खुर्ची कोण ढकलणार हे खुर्चीत बसणाऱ्याने ठरवावे.

समग्र शिक्षा या सरकारी योजनेत तालुक्याच्या गटसाधन केंद्रावरून फिरणारे विशेष शिक्षक असतात. एकाकडे अनेक शाळा असल्याने ते एखाद्या शाळेत महिन्यातून मोजकेच दिवस पोचतात. छळ उरलेल्या दिवशी होतो. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दिव्यांग मुलांसाठी प्राथमिक स्तरावर १० मुलांमागे एक आणि त्यावरील स्तरांवर १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असे प्रमाण ठरवून दिले.

तक्रारीसाठी शाळेत तक्रारपेटी, २०२२ पासून विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती, बाहेर राज्य बालहक्क संरक्षण आयोग, पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय आणि १०९८ ही मदतवाहिनी आहे. तक्रारपेटी बहुधा मुख्याध्यापकांच्या दाराशेजारी, मोठ्या माणसाच्या खांद्याच्या उंचीवर टांगलेली असते. खुर्चीतल्या मुलाचा हात तिच्या फटीपर्यंत पोचत नाही. ब्रेलमध्ये लिहिलेली चिठ्ठी उघडणाऱ्यांपैकी कोणाला वाचता येत नाही. आणि ज्याला लिहायला लेखनिक लागतो, त्याला आपली गुप्त तक्रार वर्गातल्याच कोणाला तरी सांगून लिहून घ्यावी लागते.