सोसायटीच्या झाडांना पाणी कुठून? सोलापूरची पार्श्वभूमी

सोलापूरचं पिण्याचं पाणी काळाबरोबर लांब लांब जात राहिलं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांच्या नावाचा तलाव गावालगतच. 1871 मध्ये आदिला नदी अडवून एकरुखचा, म्हणजे हिप्परग्याचा तलाव झाला. तो मुळात शेतीसाठी, पण कापड गिरण्यांच्या या गावाची तहानही त्याने भागवली. पुढे भीमाकाठच्या टाकळीहून पाणी आलं आणि 1980 मध्ये उजनी धरण झाल्यावर यथावकाश शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी. इतक्या लांबचं, त्यात रोज न येणारं पाणी झाडांना घालायला हात धजत नाही.

झाडांची सोय पूर्वी वेगळी होती. वाड्यात आड असे, आणि न्हाणीचं, भांड्यांचं पाणी मोरीतून थेट परसात केळी, अळू, कर्दळीच्या मुळाशी जाई. राख-शिकेकाईचं ते पाणी मातीला पचतही असे. भुयारी गटारांनी ही वाट बुजवली. आरोग्यासाठी गटारं हवीच होती, पण अंघोळीचं पाणी मैल्यात मिसळून शहराबाहेर निघालं आणि जुळे सोलापूर, होटगी रोडकडच्या सोसायट्यांनी बागेसाठी बोअर मारले.

इथल्या काळ्या पाषाणात पाणी मुरतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. भेग लागली नाही, तर बोअर कितीही खोल नेला तरी धूळच. पाऊस वर्षाला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातही सर्वाधिक सप्टेंबरात. मग एप्रिल-मेमध्ये बोअर बसतो आणि लॉनसाठी टँकर येतो. (या जिल्ह्यात लॉन कशाला, हे सोसायटीच्या वार्षिक सभेत कुणीतरी विचारावंच.)

राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने 500 चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या बांधकामांना पर्जन्यजल संकलन बंधनकारक केलं. मोठ्या संकुलांना सांडपाण्याचा पुनर्वापरही. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इथे वर्षाला सुमारे 50 हजार लिटर पाऊस पडतो. तो बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडला तर पुनर्भरण होतं, पण उन्हाळ्यात रोज पुरेल असं पाणी म्हणजे सांडपाणीच. माणशी 135 लिटर हे सरकारी मानक धरलं, तर त्यातलं साधारण 80 टक्के गटारात जातं.

अडतं ते नळकामावर. जुन्या इमारतींत न्हाणीघर आणि संडास यांचा पाइप बहुतेकदा एकच, तो नंतर वेगळा करणं महाग. नव्या इमारतींत प्रक्रिया केंद्र बसतं, पण वीजबिल आणि चालवणारा माणूस कुणाच्या माथी, यावर वाद होऊन ते बंद पडू शकतं. बंगल्यांना हे सोपं जातं: न्हाणीचा पाइप वेगळा काढायचा, वाळू-खडीच्या गाळणीतून नेऊन कर्दळीच्या वाफ्यात सोडायचा. कपड्यांच्या पावडरीचं पाणी तेवढं त्यात येऊ द्यायचं नाही. सोडियमने काळी माती घट्ट होते.