कडक सिगार आणि भरदार सिगार

होंडुरासचा सिगार दाखवताना विक्रेता सहज म्हणतो, ‘मध्यम आहे, रोजच्याला चालेल.’ पण मध्यम काय? भरदारपणा की कडकपणा? नवख्यांची फसगत नेमकी इथेच होते.

भरदारपणा तोंडात कळतो. धूर जिभेला दाट लागतो की पातळ, चव किती वेळ रेंगाळते, एवढंच त्यात पाहायचं. कडकपणा म्हणजे निकोटिन, आणि ते उशिरा कळतं. सिगारचा धूर छातीत ओढत नाहीत, तरी निकोटिन तोंडातूनच रक्तात उतरतं. अर्धा सिगार संपता संपता घाम फुटला, पोटात ढवळायला लागलं, की समजावं पान कडक होतं, चव कितीही सौम्य लागलेली असो. गोड्या मसाल्याची आमटी चवीला भरलेली असते पण जाळत नाही. नुसती हिरवी मिरची चावली तर तिखटापलीकडे फारसं हाती लागत नाही.

हा फरक झाडापासूनच सुरू होतो. शेंड्याकडची पानं ऊन जास्त खातात, म्हणून जाड, तेलकट आणि कडक होतात. त्यांना लिहेरो म्हणतात. मधल्या सेको पानांत सुगंध असतो. होंडुरासमधल्या दानलीसारख्या सिगारच्या गावात वळणारे कारागीर लिहेरो पान भरणाच्या मधोमध ठेवतात, कारण ते सावकाश जळतं. कडेला गेलं तर सिगार एका अंगाने जळत सुटतो. लिहेरो कमी आणि चांगलं सेको जास्त घातलं की कडकपणा उतरतो, भरदारपणा मात्र टिकतो. रोजच्या सिगारचं खरं कसब मला यातच दिसतं.

घशाला खवखव होते ती वेगळीच. वाळवलेल्या पानांचे मोठे ढीग रचतात, ते आतून तापतात, अमोनिया निघून जातो. मग ढीग उलटून पुन्हा रचतात. इथे घाई झाली की धूर बोचतो आणि लोक त्यालाच कडक म्हणतात. बाहेरच्या पानाच्या रंगावरही जाऊ नये. मादुरो, म्हणजे काळपट पानात गुंडाळलेला सिगार, पुष्कळदा गोडसर निघतो.

धूर मऊ लागला म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका मऊ सिगारलाही आहे, आणि रोज ओढल्याने तो वाढतो.

घेताना दोन प्रश्न वेगळे विचारा: चव किती भरलेली, आणि लिहेरो किती? दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर निदान रिकाम्या पोटी पेटवू नका.